बसच्या व्हिडिओत न दिसणारं स्टेशन

संपादक साहेब,
स.न.वि.वि.

तो जपानचा व्हिडिओ एव्हाना तुमच्याही फोनवर आला असेलच. निळी छोटी बस रस्त्यावरून येते, एका स्टेशनाजवळ थांबते, पोटाखालून लोखंडी चाकं बाहेर काढते आणि रुळावरून सरळ निघून जाते. खाली कॅप्शन ठरलेलं, जपान कुठे पोचलं आणि आपण अजून खड्ड्यात. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर तो दर दोन-तीन महिन्यांनी कोणीतरी नव्याने टाकतं आणि प्रत्येक वेळी तेवढेच अंगठे पडतात. म्हणून म्हटलं एकदा सविस्तर लिहावं, कारण ते स्टेशन मी बघून आलोय आणि रेल्वेच्या सिग्नल खात्यात हयात घालवलेली असल्यामुळे मला तिथे जे दिसलं ते व्हिडिओवाल्यांना दिसलेलं नाही असं मला राहून राहून वाटतं.

त्या स्टेशनाचं नाव आवा-काइनान. शिकोकू बेटावर तोकुशिमा नावाचा प्रांत आहे, त्याच्या अगदी दक्षिण टोकाला, पॅसिफिक समुद्राच्या कडेला काइयो नावाचं गाव आहे, तिथलं. गाव म्हणजे तीन छोटी गावं २००६ मध्ये एकत्र करून केलेली एक नगरपालिका, कारण माणसंच कमी झाली. लेक आणि जावई कोबेला असतात, त्यामुळे जाणं झालं. कोबेहून आकाशीच्या मोठ्या पुलावरून बसने तोकुशिमा शहरात, आणि तिथून जेआर (जपान रेल्वे) शिकोकू कंपनीची मुगी लाइन. ७७.८ किलोमीटर. सिंगल लाइन, डिझेलवर, बऱ्याचदा एकच डबा. बुलेट ट्रेनच्या देशात म्हणाल तर या अख्ख्या तोकुशिमा प्रांतात रेल्वेची एकही विजेची तार नाही, सगळं डिझेल. हे ग्रुपवर सांगितलं तर कोणी विश्वास ठेवत नाही.

आनानपर्यंत गाड्या ठीकठाक आहेत, साधारण अर्ध्या तासाला एक. आनानच्या पुढे मात्र गाडी दोन-दोन तासांनी. मग डोंगर, मध्येच समुद्र, परत डोंगर, बोगदा, परत समुद्र, आपल्या रत्नागिरीच्या खालच्या पट्ट्यातून जाताना होतं तसंच. वाटेत हिवासा लागतं, तिथल्या किनाऱ्यावर कासवं अंडी घालायला येतात आणि तिथेच शिकोकूच्या ८८ देवळांच्या पायी यात्रेतलं तेविसावं देऊळ आहे. पांढरे कपडे, डोक्यावर शंकूसारखी टोपी, हातात काठी असे यात्रेकरू गाडीत चढतात. चोविसावं देऊळ थेट मुरोतोच्या टोकावर, पंचाहत्तर किलोमीटरच्या आसपास पुढे, आणि रेल्वे तिथपर्यंत जातच नाही. जायची होती. सगळी गोष्ट इथेच सुरू होते खरं तर.

आखणी अशी होती की तोकुशिमाकडून किनाऱ्याकिनाऱ्याने मुरोतोला वळसा घालून पलीकडे कोची प्रांतात गोमेनपर्यंत रूळ न्यायचे. १९७३ च्या १ ऑक्टोबरला लाइन काइफुपर्यंत पोचली, आवा-काइनान स्टेशनही त्याच दिवशी उघडलं. पुढचे पूल, बोगदे बांधायचं काम चालू होतं आणि तेवढ्यात जपानची सरकारी रेल्वे कर्जात बुडाली. १९८० ला कायदा आला, तोट्यातल्या लाइनींची नवी कामं थांबली. बोगदे तयार आणि गाडी नाही अशी अवस्था. मग तोकुशिमा आणि कोची हे दोन प्रांत, आसपासची गावं आणि थोडे खाजगी लोक यांनी मिळून कंपनी काढली, आसा काइगान रेल्वे, आणि १९९२ च्या मार्चमध्ये काइफु ते कान्नोउरा असे साडेआठ किलोमीटर चालू केले. पलीकडच्या बाजूने गोमेन ते नाहारी ही लाइन वेगळ्या कंपनीने २००२ मध्ये चालू केली. मधला मुरोतोचा तुकडा राहिला तो राहिलाच. म्हणजे ज्या कामासाठी दोन्ही बाजूंनी रूळ आणले ते कामच झालं नाही, दोन्हीकडे नुसती शेपटं उरली.

साडेआठ किलोमीटरची रेल्वे कंपनी! मी हे ऐकून हसलो होतो, पण ती मंडळी फार चिवट निघाली. पहिल्या दिवसापासून तोटा, दरवर्षी प्रांताच्या आणि गावाच्या पैशावर चालायचं, आणि लोकांचं लक्ष जावं म्हणून काय काय करायचे तर शिशिकुइ स्टेशनात काचेच्या टाकीत शेवंडी ठेवून त्यांना स्टेशनमास्तर म्हणून नेमलं होतं. आपल्या मालवणात शेवंडीला असला मान कोणी देणार नाही, सरळ कालवण होईल. काइफु स्टेशनाच्या अलीकडे अजून एक गंमत आहे, डोंगर नसलेला बोगदा. बोगदा केला तेव्हा वर टेकडी होती, नंतर वस्तीसाठी टेकडी कापून नेली, बोगद्याची ४४ मीटरची काँक्रीटची नळी तेवढी तशीच उभी राहिली आणि गाडी अजून तिच्यातून जाते. फोटो काढायला लोक येतात.

आता त्या बसकडे येतो. नाव डीएमव्ही, ड्युअल मोड व्हेइकल. व्हिडिओत म्हणतात तसं हे काही हायटेक वगैरे नाही हो. टोयोटाची कोस्टर मिनीबस असते ना, आपल्याकडच्या टेम्पो ट्रॅव्हलरपेक्षा थोडी मोठी, तिचीच बॉडी. कल्पना मूळ जेआर होक्काइदो कंपनीची, उत्तरेला बर्फाळ प्रदेशात त्यांच्या लाइनी मरायला टेकल्या होत्या म्हणून त्यांनी हे बनवलं, २००७ मध्ये तिथे ट्रायल म्हणून चालवलंही, पण पुढे त्या कंपनीत अपघात, आगी अशी प्रकरणं झाली आणि सगळा पैसा सेफ्टीकडे वळवावा लागला, तेव्हा त्यांनी हे काम सोडून दिलं. मोठ्या कंपनीने टाकून दिलेली वस्तू या चिमुकल्या कंपनीने उचलली आणि २५ डिसेंबर २०२१ ला प्रत्यक्ष प्रवासी घेऊन चालू केली, रोजच्या टाइमटेबलवर धावणारी जगातली पहिली. खरं तर ऑलिम्पिकच्या आधी चालू करायची होती, पण तपासणीत पुढच्या चाकांच्या भागाबद्दल शंका आली म्हणून थांबले. उद्घाटनाची तारीख गेली तरी चालेल म्हणून थांबले हे मला त्या बसपेक्षा जास्त आवडलं.

चाकं बदलताना मी अगदी जवळ उभा होतो. गाडी दोन्ही बाजूंच्या गाइडमध्ये हळू येऊन थांबते, आत बहुतेक ढोलांचं रेकॉर्डिंग वाजतं, बाहेर पण ऐकू येतं. पुढची लोखंडी चाकं खाली उतरतात आणि रबरी टायर जमिनीवरून सुटतात, त्यामुळे गाडीचं नाक जरासं वर जातं, आतल्या लोकांना पण ते जाणवतं. मागची लोखंडी चाकंही उतरतात पण मागचे टायर काही वर जात नाहीत, आतल्या बाजूचे टायर रुळावरच टेकलेले राहतात आणि गाडी ढकलायचं काम तेच करतात, लोखंडी चाकं फक्त रूळ सोडू देत नाहीत. पंधरा सेकंदांत सगळं होतं. आणि ड्रायव्हर तोच, म्हणजे त्या माणसाकडे बसचं पण लायसन आणि रेल्वे चालवायचं पण लायसन दोन्ही लागतं. आपल्याकडे एका माणसाला दोन खात्यांची परवानगी काढायची म्हटलं तर तो रिटायर होईल तोवर.

व्हिडिओ इथे संपतो. पण तुम्ही मान वळवून मागे बघितलंत तर खरी गोष्ट मागे आहे. जेआरची गाडी ज्या रुळांवरून आली ते रूळ आणि बस ज्या रुळांवर चढली ते रूळ, हे एकमेकांना जोडलेले नाहीत. पूर्वी होते. जेआरचं हद्दीचं स्टेशन आधी काइफु होतं, पण तिथे लाइन उंच पुलावर आहे, बस रस्त्यावरून वर चढवणार कशी? आवा-काइनान जमिनीवर आहे. म्हणून १ नोव्हेंबर २०२० ला जेआरने काइफुपर्यंतचा दीड किलोमीटरचा तुकडा छोट्या कंपनीला देऊन टाकला आणि मग आवा-काइनानला रूळ तोडले. एकाच स्टेशनावर दोन कंपन्या, एकीचा शेवट, दुसरीची सुरुवात, आणि मध्ये चालत जायची जागा.

हे का, ते मी सांगू शकतो कारण ते माझं खातं. गाडी कुठे आहे हे सिग्नलला कसं कळतं, तर रुळांमधून हलका करंट सोडलेला असतो, गाडीच्या लोखंडी चाक-आसातून तो एका रुळातून दुसऱ्या रुळात जातो, सर्किट शॉर्ट होतं आणि सिग्नल लाल होतो. याला आम्ही ट्रॅक सर्किट म्हणतो. आता ही बस सहा टनांच्या आसपास, त्यात मागचं बरंच वजन रबरावर, रुळावर जरा गंज किंवा पाला असला की सर्किट नीट लागेल याची खात्री नाही. सिग्नलला वाटेल लाइन मोकळी आहे आणि आत बस उभी! अशी गाडी साध्या डिझेल गाडीबरोबर एका लाइनवर सोडायची नसतेच, कोणताही सिग्नलवाला झोपेतून उठून हेच सांगेल. म्हणून त्यांनी धोका मुळातून काढून टाकला, लाइनच वेगळी केली. बरोबर केलं. पण किंमत काय मोजली ते पण बघा, आता तोकुशिमाहून निघालेली कुठलीही गाडी, एक्स्ट्रा असो, स्पेशल असो, कान्नोउरापर्यंत कधीच जाऊ शकत नाही. काइफु आणि शिशिकुइला प्लॅटफॉर्म साध्या डब्याच्या उंचीचे होते, ते बसला उंच पडतात, तिथे खालच्या उंचीचे नवे तुकडे बांधावे लागले. कान्नोउरा तर पुलावरचं शेवटचं स्टेशन, तिथून बस खाली रस्त्यावर उतरावी म्हणून नवा उतार बांधला. आणि बसमध्ये माणसं मावतात वीसेक. पूर्वी एका डब्यात अख्खी शाळेची सहल बसायची.

मला स्वतःला विचाराल तर हा सौदा पूर्ण पटलेला नाही. शनिवार-रविवारी बघायला येणारे आमच्यासारखेच हौशी जास्त, बुकिंग करून आलेले, आणि एखादी म्हातारी बाई दवाखान्याला जायची असेल तर तिला जागा मिळते का हा प्रश्न उरतोच. एक गोष्ट मात्र त्यांनी फार डोक्याने केलीय. बस रुळावर चढायच्या आधी आणि उतरल्यानंतर जिथे माणसं असतात तिथे जाते. एका टोकाला गावाचं सांस्कृतिक केंद्र, मग स्टेशन, मग रुळावरून दहा किलोमीटर कान्नोउरापर्यंत, म्हणजे प्रांताची हद्द ओलांडून कोचीत, तिथे उतरून बाजाराच्या ठिकाणी, आणि परत रस्त्याने हद्द ओलांडून शिशिकुइच्या गरम झऱ्याच्या हॉटेलापाशी. सुट्टीच्या दिवशी एक फेरी थेट मुरोतोच्या टोकापर्यंत. पन्नास वर्षांपूर्वी जिथे रूळ न्यायचे होते आणि नेता आले नाहीत तिथे निदान गाडी तरी पोचली, टायरवर का होईना. दुसरं म्हणजे हा किनारा भूकंप-त्सुनामीचा आहे, १९४६ च्या नानकाइ भूकंपात इथल्या आसाकावा गावाचं फार नुकसान झालं, माणसं गेली. उद्या परत तसं झालं आणि रस्ता किंवा रूळ यातलं एक जरी शिल्लक राहिलं तरी गाडी चालेल हा पण त्यामागचा एक हिशोब.

आता मला जी गोष्ट खरी मोठी वाटते ती सांगतो, तिचा कोणी व्हिडिओ काढत नाही कारण त्यात बघण्यासारखं काहीच नाही. ओसाकाहून तोकुशिमा, आनान करत मुरोतोकडे जाणारी एक लांब पल्ल्याची बस आहे, तोकुशिमा बस कंपनीची. ही बस मुगी लाइनला समांतर जाते, म्हणजे जेआरची स्पर्धकच. जेआरने आनानच्या पुढच्या गाड्या कमी केल्या तेव्हा मधल्या वेळेत ही बस असते हे त्यांच्या लक्षात आलं. मग २०१९ पासून मधल्या स्टॉपवर चढउतार करू देऊ लागले, आणि एप्रिल २०२२ पासून तर त्या पट्ट्यात जेआरचं तिकीट घेऊन तुम्ही त्या बसमध्ये बसू शकता. तिकीट रेल्वेचं, गाडी बसवाल्याची! दोन स्पर्धकांनी बसून भाडं ठरवणं हे तिथल्या मक्तेदारीविरोधी कायद्यात बसत नाही, त्यातून खास सूट देणारा कायदा २०२० मध्ये झाला होता, त्याखाली रेल्वे आणि बस यांनी अशी परवानगी घेतल्याचं हे देशातलं पहिलं प्रकरण. प्रवाशाला काय, दोन तास थांबायच्या ऐवजी तासाभरात काहीतरी मिळतं. खर्च जवळपास शून्य. ना नवी चाकं, ना नवा उतार.

आणि तरी सगळं आलबेल आहे असं नाही. २०२३ मध्ये जेआर शिकोकूने उघडपणे सांगितलं की ज्या तोट्यातल्या पट्ट्यांचं पुढे काय करायचं यावर प्रांतांशी बोलायचंय त्यात मुगी लाइनचा आनान ते आवा-काइनान हा भाग आहे. म्हणजे उद्या जेआरने हा भाग बंद केला तर आमची ती प्रसिद्ध बस ज्या स्टेशनावर रुळावर चढते त्या स्टेशनाला रेल्वेच येणार नाही. दहा किलोमीटरचे रूळ, दोन्ही टोकांना नुसता रस्ता. मग लोक विचारणारच की बाबा रस्त्यानेच जा ना सरळ.

हे सगळं तुमच्या पेपरला का लिहितोय, तर महाराष्ट्र सरकारने २०२५ मध्ये कोकण रेल्वेच्या भारतीय रेल्वेतल्या विलीनीकरणाला संमती दिल्यापासून तुमच्याकडे त्यावर पत्रं येतायत आणि बहुतेकांचा सूर असा की एकदा का मालक एक झाला की सगळे प्रश्न मिटले. कोकण रेल्वे कॉर्पोरेशन पण त्या आसा काइगानसारखीच, केंद्र आणि महाराष्ट्र, गोवा, कर्नाटक, केरळ अशी भागीदारी करून उभी राहिली, कारण नेहमीच्या वाटेने पैसा मिळत नव्हता. विलीनीकरण करा, माझा विरोध नाही, डबल लाइनला पैसा त्याशिवाय येणार नाही हे मला पण कळतं. पण रोह्याला मध्य रेल्वे संपते आणि कोकण रेल्वे सुरू होते हे गाडीत बसलेल्या चाकरमान्याला आजही कळत नाही, रूळ सलग आहेत, तिकीट सलग आहे. त्याचं अडतं ते पुढे. राजापूर रोड, वैभववाडी रोड, सावंतवाडी रोड, मध्यरात्री नाहीतर पहाटे उतरायचं आणि गाव कुठे तर लांब, हातात दोन पिशव्या, सोबत म्हातारे आईवडील. गाडी लेट झाली की गावची बस निघून गेलेली, रिक्षावाला सांगेल तो दर. या तुटलेल्या तुकड्याचा मालक कोण? विलीनीकरणाच्या एकाही पत्रात मला तो दिसला नाही.

आणि कृपा करून कोणी आता कोकणात पण रुळावरची बस आणा असं पत्र पाठवू नका. आपल्या लाइनवर मालगाड्या, एक्सप्रेस, वंदे भारत सगळं एकामागे एक धावतं, तिथे सहा टनांची रबरी टायरची गाडी सोडायची म्हणजे मी वर सांगितलं ते ट्रॅक सर्किटचं दुखणं विकत घ्यायचं. रस्ता आणि रूळ जोडायची अक्कल आपल्याला नव्हती असं पण नाही, ट्रकच्या ट्रक मालगाडीवर चढवून कोलाडहून वेर्ण्याला न्यायची रो-रो सेवा कोकण रेल्वेने १९९९ लाच चालू केली होती आणि ती चालली. ट्रकची सोय झाली, माणसांची राहिली.

उचलायचंच असेल तर ते तिकिटाचं उचला. एक स्टेशन घ्या, राजापूर रोड घ्या हवं तर. मुंबईहून त्या स्टेशनाचं रिझर्व्हेशन काढतानाच गावच्या स्टँडपर्यंतच्या बसचे पैसे त्यात धरा, आणि गाडी लेट असेल तर बस थांबेल एवढं दोन खात्यांनी एका कागदावर लिहून सही करा. स्टेशनमास्तरकडे गाडीची वेळ असतेच, त्याने डेपोला एक फोन करायचाय. गणपतीच्या आधी एक महिना करून बघा, नाही जमलं तर बंद करा.

आपला,
एक निवृत्त सिग्नलवाला, चिपळूण